वस्तीतल्या पोरांना ब्रास शिकवायचंय? मग वाद्य सगळ्यांत उशिरा हातात द्या

नाशिकच्या वस्त्यांतल्या पोरांना मी ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं, शिकवतो. फेब्रुवारी लागला की फोन सुरू होतात. कधी सातपूरहून, कधी पेठ रोडच्या फुलेनगरमधून, कधी नाशिकरोडहून. मजकूर तोच. “मास्तर, देणगीत सात ट्रम्पेट आल्यात. पोरं तयार आहेत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत उभी करायचीत. दोन महिन्यांत बसवून द्या.” मी नाही म्हणतो आणि समोरच्याला वाटतं, मास्तर भाव खातायत.

दोन महिन्यांत गाणं बसवता येतं, नाही असं नाही. पण त्या घाईत पोरं ट्रम्पेट तोंडावर इतकी दाबतात आणि गाल इतके फुगवतात, की मे महिन्यात पुन्हा शिकवायला घेतलं तर जुन्या खोडी काढण्यातच पावसाळा जातो. बरीच पोरं तोवर येणंच सोडतात, कारण ओठ दुखतात आणि आवाज चढत नाही.

माझी स्वतःची पहिली बॅच अशीच वाया गेली. खोक्यांतली वाद्यं पहिल्याच दुपारी वाटून टाकली. तासाभरात तीन माउथपीस (ओठांना लावायचा सुटा भाग) अडकले, एकाने पिस्टन (बटणाखाली वर-खाली सरकणारा दट्ट्या) बाहेर काढून चुकीच्या नळीत घातला, आणि वीस जणांच्या गोंगाटात कोणाचा आवाज कसा निघतोय ते मला ऐकूच येईना. तेव्हापासून क्रम बदलला, तो असा. नऊ ते चौदा वयाची, आधी काहीच न वाजवलेली आठ-दहा मुलं, शिकवणारा एक, आठवड्यातून तीन तास आणि साधारण चार महिने, असा हिशोब धरलाय.

## १. आधी जागा आणि वेळ ठरवा

समाजमंदिर, विहाराचा हॉल, सुटल्यानंतरची महापालिकेची शाळा, काहीही चालेल. मात्र पत्र्याचं छत असेल तर दहा ट्रम्पेटचा आवाज आत इतका घुमतो की अर्ध्या तासात डोकं उठतं आणि मुलांना स्वतःचा सूर कळत नाही. दोन भिंतींवर दोरी बांधून जुन्या गोधड्या टांगा. फरक लगेच जाणवतो. मुलांची तोंडं गोधड्यांकडे किंवा उघड्या दाराकडे ठेवा, एकमेकांच्या कानाकडे नको.

वेळ ठरवताना शेजारी विचारून घ्या. सातपूर-अंबडच्या वस्त्यांत रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो. एकदा त्याची झोप मोडली की तो तुमच्या वर्गाचा कायमचा वैरी. आमच्याकडे संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा जमतं. पाळीवरचे उठलेले असतात, बायकांची स्वयंपाकाची घाई अजून सुरू व्हायची असते, आणि मुली अंधार पडायच्या आत घरी पोचतात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवायला कायद्याने बंदी आहेच. दवाखाना, शाळा आणि कोर्टाभोवतीचा १०० मीटरचा शांतता परिसरही पाळावा लागतो. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत आपणहून आवाज कमी करा, कोणी सांगायला यायची वाट पाहू नका.

इशारा: गणपतीच्या आधी ढोलपथकांचे सराव सुरू होतात. ढोल ऐकू येईल अशा जागी नव्या मुलांचा तास घेऊ नका. नाशिक ढोलापुढे स्वतःचा आवाज ऐकायला पोर दुप्पट जोर लावून फुंकतं आणि आठवड्यात गाल फुगवायला शिकतं. ते दोन महिने जागा बदला नाहीतर वेळ.

जागेत तीन गोष्टी हव्यात: पाणी, दोन टब आणि कुलूप लागणारं कपाट. कपाट नसेल तर वर्ग सुरूच करू नका. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे ट्रम्पेट कुठे ठेवणार? लहान भावंडं, उंदीर, गळकं छत. शिवाय घरात पैशाची नड निघाली की विकता येण्यासारखी वस्तू विकली जाते. त्यात कोणाचा दोष नाही. ती वेळच येऊ देऊ नका.

## २. वाद्यं: घेण्याआधी तपासा

देणगीदाराला ट्रम्पेटच द्यायची असतात, कारण ती फोटोत चांगली दिसतात. त्याला स्पष्ट सांगा. दहा मुलांच्या वर्गाला चार-पाच ट्रम्पेट किंवा कॉर्नेट, दोन-तीन युफोनियम (मांडीवर धरायचं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) आणि एखादा ट्रॉम्बोन (बटणांऐवजी लांब नळी पुढे-मागे सरकवून वाजवायचा) पुरतो. उरलेल्या पैशांत व्हॉल्व्हचं म्हणजे पिस्टनचं तेल, स्लाइडचं (ओढून लांबवता येणाऱ्या नळीचं) ग्रीस, नळी साफ करायचा लवचिक ब्रश आणि मुलागणिक एक माउथपीस घ्या. बारक्या मुलांना कॉर्नेट बरा. नळीची लांबी ट्रम्पेटएवढीच, पण गुंडाळी आखूड, त्यामुळे वजन पुढे लोंबत नाही.

जुनी वाद्यं बघायची तर चातुर्मासात बघा. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात, बँडवाल्यांचे पेटारे बंद असतात, हात आखडलेला असतो. तुळशीचं लग्न लागलं की तोच माणूस तुमच्याशी बोलायलाही मोकळा नसतो. नवी वाद्यं बहुतेक मेरठची येतात. तिथली जाळी कोठी ह्या धंद्यासाठी ओळखली जाते. चांगली असतात, पण एकाच खोक्यातल्या दोन ट्रम्पेटमध्ये फरक पडू शकतो. म्हणून नगागणिक तपासा.

घेताना एवढं पाहा:

पिस्टन दाबून सोडा. तो स्वतःहून, कुठेही न रेंगाळता वर आला पाहिजे. कोरडा असेल तर तेलाचे दोन थेंब टाकून परत पाहा. तरीही अडकला तर पिस्टन नाहीतर त्याची नळी वाकलीय. सोडून द्या.

पिस्टन न दाबता त्याची छोटी स्लाइड ओढा. ‘पॉप’ असा बुचासारखा आवाज आला तर आत हवा धरली जातेय. काहीच आवाज आला नाही तर पिस्टन झिजलाय, हवा निसटतेय. असं वाद्य मोठ्या माणसालाही दमवतं, मग नव्या पोराचं काय.

माउथपीसपासून पुढे जाणारी नळी नीट पाहा. तिथे गुलाबी, तांबूस ठिपके दिसले तर पितळातलं जस्त खाल्लं गेलंय. वरून पॉलिश केलं तरी ते आतून चालूच राहतं.

पुढच्या भोंग्यावरचे पोचे मात्र बिनधास्त दुर्लक्षित करा. दिसायला वाईट, वाजायला फारसा फरक नाही. मी पोचे दाखवूनच भाव पाडतो.

इशारा: सुटलेला टाका लावायला भांडीवाल्या कारागिराकडे जाण्यात गैर काही नाही. आपल्या गावात पितळ कळणारे हात आहेत. पण त्याला भोंग्याजवळचे, आडव्या दांडीचे टाकेच द्या. पिस्टनच्या नळ्यांजवळ भात्याची आच लागली की नळी वेडीवाकडी होते आणि पिस्टन जन्मात सरळ चालत नाही.

## ३. मुलं आणि आई-बाप

वयापेक्षा दात पाहा. वरचे समोरचे कायमचे दात पूर्ण आलेले हवेत, कारण माउथपीसचा आधार तिथेच असतो. पडायला आलेल्या दातावर शिकलेली सवय नवा दात आला की मोडते. साधारण नऊ-दहा वर्षांचं पोर तयार असतं. त्याहून लहान असेल तर ताशावर नाहीतर टाळ्यांवर बसवा. पुढच्या वर्षी ते पहिल्या रांगेत असेल.

जाड ओठांच्या मुलाला मोठं वाद्य आणि पातळ ओठांच्याला ट्रम्पेट, हे बँडमध्ये सर्रास सांगतात. त्यावर जाऊ नका. चौथ्या-पाचव्या टप्प्यात कोणाचा आवाज सहज खाली लागतो आणि कोणाचा वर, ते कानाने ऐका. वाटणी त्यावरून.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या मुलाला आधी महापालिकेच्या दवाखान्यात पाठवा. क्षयाची तपासणी तिथे फुकट होते. त्याला वर्गातून काढलंय असं वाटू देऊ नका, जागा राखून ठेवा आणि तसं सांगा. दमा असेल तर आपणहून नाही म्हणू नका. डॉक्टरांनी हो म्हटलं की घ्या.

आता पालक. त्यांना कार्यालयात बोलावू नका, घरी जा. दोन प्रश्न हमखास येतात. पहिला बापाचा: “बँडवाला करणार का आमच्या पोराला?” त्यामागे लग्नाच्या वरातीत डोक्यावर दिवे धरून चाललेल्या माणसाची आठवण असते आणि त्याच्या जातीवरून ऐकून घेतलेले शब्दही. भाषण देऊ नका. पोर किती वाजता येईल, किती वाजता घरी पोचेल आणि शाळा बुडणार नाही, एवढं सांगा. दुसरा प्रश्न आईचा, हळू आवाजात: “वस्तू मोडली तर भरून द्यावी लागेल का हो, सर?” त्याचं उत्तर ‘नाही’ असंच हवं, आणि संमतीच्या कागदावर लिहूनही. अनामत रक्कम अजिबात मागू नका. पाचशे रुपये ठेवले की ज्या मुलांसाठी वर्ग काढला नेमकी तीच गळतात.

मुलींच्या घरी आणखी एकदा जा. ह्या कामात पहिली भेट बहुतेक वाया जाते.

## ४. पहिले दोन आठवडे: वाद्य कपाटात

इथे सगळे घाई करतात, म्हणून इथे मी जास्त वेळ घेणार.

श्वास. “पोट फुगवा” असं सांगू नका. पोरं हवा न घेताच नुसतं पोट पुढे काढून दाखवतात. “खोल श्वास घ्या” म्हटलं की खांदे कानापर्यंत जातात. रामकुंडावर उड्या मारणारी पोरं माझ्याकडे होती. त्यांची छाती मोठी, पण खोड वेगळीच: बुडी मारण्याआधी घेतात तसा श्वास घ्यायची आणि गळ्यात अडवून धरायची. मग सूर निघायचा तो धक्क्याने, फटकन. त्यांना सांगितलं, बुडीचा श्वास नको, हाकेचा घ्या. पलीकडच्या घाटावर मित्र उभा आहे, त्याला हाक मारायचीय. ही हाक मारताना माणूस श्वास आत घेतो आणि मध्ये न थांबता बाहेर सोडतो. नेमकं तेच हवंय. हाक न मारता तेवढीच हवा सोडायची. दोन दिवसांत खांदे खाली आले.

तपासायला कागदाचा कपटा घ्या. भिंतीपासून वीतभर अंतरावर उभं राहून फुंकरीने तो भिंतीला चिकटवून ठेवायचा. किती वेळ राहिला ते मोजा, पण शर्यत लावू नका. शर्यत लागली की गळा आवळला जातो. आवाज न करता, थरथर न होता सहा-सात मोजेपर्यंत राहिला तरी सुरुवातीला खूप.

ओठ. आवाज वाद्यातून निघत नाही, ओठांच्या थरथरीतून निघतो. नळी तो मोठा करते. हे पोरांना एकदा दाखवा. घोड्यासारखं सैल ‘फुर्रर्र’ करायला लावा. हसतील, हसू द्या. मग ‘म्म’ म्हणून ओठ नुसते मिटायचे, तोंडाचे कोपरे जागेवर घट्ट धरायचे आणि मधून हवा सोडायची. डास गुणगुणल्यासारखा बारीक आवाज येतो. पहिल्या दिवशी दहातल्या तिघांना येईल. बाकीच्यांना सांगा, उद्या येईल. खरंच येतो.

चुका ठरलेल्या असतात. गाल फुगतात: त्या मुलाला दोन बोटं गालांवर हलकेच ठेवायला सांगा, स्वतःचं त्याला कळतं. ओठ हसल्यासारखे ताणले जातात: ताणून वरचा सूर पटकन मिळतो म्हणून ही चूक मुलांना आवडते, पण ओठ पातळ होतो आणि दहा मिनिटांत मरतो. ओठ आत दुमडले जातात: जत्रेतली पिपाणी वाजवलेल्या मुलांना ही सवय असते. पिपाणी दातांत धरायची असते, माउथपीस ओठांवर टेकवायचा.

तपासा: डोळे मिटून प्रत्येकाचं ऐका. अखंड, न तुटणारी गुणगुण तीन-चार सेकंद आली तर पुढे. नाही आली तर त्या मुलाला मागे ठेवू नका, माउथपीस लावल्यावर काहींना एकदम जमतं. पण नाव लिहून ठेवा.

## ५. माउथपीस आणि पाण्याचा पाइप

प्रत्येकाचा माउथपीस वेगळा. त्याला नंबर आणि कापडाची छोटी पिशवी. हाच खर्च वाचवायला जातात आणि हाच वाचवू नये. ट्रम्पेटला नव्या मुलांसाठी ७ सी ह्या मापाचा मध्यम माउथपीस नेहमी चालतो. वरचा चांदीचा मुलामा उडून आतलं पितळ उघडं पडलेला घेऊ नका, काहींच्या ओठाला त्याने पुरळ उठतं. एखाद्या दिवशी वाटून वापरायची वेळ आलीच तर प्रत्येक मुलानंतर साबणाच्या पाण्यात धुवा आणि स्वच्छ फडक्याने पुसा. शर्टाला पुसणं म्हणजे धुणं नव्हे.

माउथपीस दोन बोटांत, मागच्या टोकाला, पेन्सिलसारखा धरायचा. मुठीत धरला की दाबलाच. वरचा-खालचा ओठ साधारण सारखा, मध्यावर. एखाद्याचे दात थोडे वाकडे असतील आणि त्याला जरा बाजूला आरामात बसत असेल तर बसू द्या.

आता पोरं कंटाळलेली असतात. त्यांना काहीतरी वाजवायचंच असतं. त्यावर माझा उपाय स्वस्त आहे. हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची पाण्याचा पाइप आणा, दीड मीटरभराचे तुकडे करा, एका टोकाला टेप गुंडाळून माउथपीस घट्ट बसवा, दुसऱ्या टोकात रॉकेलचं जुनं नरसाळं खोचा. धुऊन, हो. पसरून धरला तर ट्रम्पेटची नळीही जवळपास एवढीच लांब असते, त्यामुळे ह्या पाइपातून खरोखरच भोंगा वाजतो आणि ओठ बदलले की दोन-तीन वेगळे सूर निघतात. बटणं नाहीत, मोडायला काही नाही. ज्या पोराचा पाइपातून खालचा, जाड सूर सहज निघतो त्याला युफोनियमकडे वळवा. ज्याचा वरचा चटकन लागतो तो ट्रम्पेटचा.

इशारा: माउथपीस वाद्यात बसवून तळहाताने ‘टप्’ करून ठोकायचा खेळ पहिल्या दिवसापासून बंद. त्यानेच तो अडकतो. अडकला तर पक्कड लावू नका, नळी पिळवटून सुटते. माउथपीस काढायचं वेगळं अवजार मिळतं, ते एक घेऊन ठेवा. ते हाताशी नसेल तर माउथपीसच्या दांड्याला बर्फ लावा, बाहेरच्या नळीला कोमट पाण्याचं फडकं, आणि हलक्या हाताने फिरवून ओढा.

## ६. आता वाद्य हातात

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. एका दिवशी तिघांनाच द्या. बाकीचे पाइपावर.

आधी तेल. वरची टोपी सोडवून पिस्टन अर्धा बाहेर, तीन-चार थेंब, परत आत, आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत फिरवायचा. प्रत्येक पिस्टनवर १, २, ३ असा आकडा असतो. तो ज्याच्या त्याच्या नळीतच. “सर, हवाच जात नाही” अशी ओरड आली तर वाद्य बिघडलेलं नसतं. पिस्टन फिरलेला असतो नाहीतर अदलाबदल झालेली असते.

इशारा: खोबरेल वापरू नका. २४ अंशांच्या आसपास ते थिजतं आणि आपल्याकडे डिसेंबरात सकाळी काय असतं ते सांगायला नको. पिस्टन जागच्या जागी गोठतात. जुने बँडवाले रॉकेल टाकायचे. तोंडाजवळच्या वस्तूत ते नकोच. ट्युनिंगच्या, म्हणजे सूर जुळवायच्या मुख्य स्लाइडला मात्र ग्रीस नसेल तर साधं व्हॅसलिन चालून जातं.

धरायचं डाव्या हाताने. उजव्या हाताची तीन बोटं बटणांवर, गोलसर. वर करंगळीसाठी एक आकडा असतो, त्यात करंगळी अडकवायला सुरुवातीला बंदी घाला. त्या आकड्याने पोरं वाद्य तोंडावर ओढतात. करंगळी मोकळी ठेवली की दाबायला धरच मिळत नाही. तास संपून बराच वेळ झाला तरी ओठावरचा गोल वण उतरला नसेल तर ते पोर दाबतंय. युफोनियमवाल्याला खुर्चीवर बसवा, मांडीवर घडी घातलेली गोधडी ठेवा आणि माउथपीस त्याच्या तोंडाच्या उंचीला आणा. वाद्यासाठी मान वाकवायची नाही.

पहिला सूर कुठला आला ते विचारू नका, जो येईल तो धरा. काहींना खालचा सा लागतो, काहींना एकदम प. दोन्ही मोकळ्या बोटांचे, म्हणजे एकही बटण न दाबता येणारे आहेत, दोन्ही बरोबर. तो सूर चार मोजेपर्यंत लांबवायचा, चार मोजेपर्यंत थांबायचं. जेवढं वाजवलं तेवढीच विश्रांती, हा नियम घड्याळ लावून पाळा. पोरांना थांबायला आवडत नाही, शिकवणाऱ्यालाही नाही.

नळीत खुळखुळ वाजायला लागलं की पाणी काढायची चावी दाबून फुंकायचं. ती बहुतांशी श्वासाची वाफ असते, थुंकी नव्हे. तरी फरशीवर नको, फडक्यावर किंवा तसराळ्यात.

## ७. पाच सूर

ट्रम्पेटचा मोकळा सा म्हणजे पेटीची काळी पाच, पाचवी काळी पट्टी. ह्या एका वाक्याने निम्मं काम सोपं होतं. पेटी असेल तर काळी पाचचा सूर धरून ठेवा, नसेल तर मोबाइलवर तानपुरा लावा. त्यावरच सगळं शिकवा. कागदावरच्या पाच रेघा, म्हणजे इंग्रजी स्वरलिपी, दोन महिन्यांनी आणल्या तरी बिघडत नाही.

ट्रम्पेट, कॉर्नेट, युफोनियम, तिन्हींची बोटं सारखीच. युफोनियम फक्त एक सप्तक खाली बोलतो. आकडा म्हणजे दाबायचं बटण.

सा: मोकळा
रे: १ आणि ३
ग: १ आणि २
म: १
प: मोकळा

सा आणि प दोन्ही मोकळे, हे नीट लक्षात घ्या. तिथे बोटं मदत करत नाहीत, ओठांनीच जायचं. “सर, मी प वाजवतोय पण सा येतोय” ही तक्रार आली म्हणजे ते मूल चौथ्या टप्प्यात कच्चं राहिलंय. त्याला बोटं पुन्हा दाखवून उपयोग नाही, पुन्हा माउथपीसवर न्या. नुसत्या माउथपीसवर सायरनसारखा आवाज खालून वर, वरून खाली फिरवायला लावा.

रे १-३ वर थोडा चढा लागतो. तिसरी स्लाइड जरा पुढे सरकवून तो उतरवतात, पण बारक्या हातांची बोटं तिथे पोचत नाहीत. आत्ता राहू द्या. ट्रॉम्बोनवाल्याची अडचण वेगळी. त्याच्या सरकत्या नळीच्या ठरलेल्या जागा असतात: सा आणि प पहिल्या जागेवर, म तिसऱ्या, ग चौथ्या, पण रे सहाव्या जागेवर, हात पुरेपर्यंत लांब. दहा वर्षांच्या पोराचा पुरत नाही. त्याला रेच्या जागी सा धरून ठेवायला द्या, सामुदायिक वाजवताना कोणाला कळतही नाही.

जीभ. इथली चूक मी वर्षानुवर्षं केली. इंग्रजी पुस्तकात सूर सुरू करताना जो उच्चार करायला सांगितलेला असतो तो आपण ‘टू’ असा वाचतो आणि मुलांना ‘टू टू टू’ म्हणायला लावतो. मराठी ‘ट’ला जीभ मागे वळते आणि टाळूवर आपटते. सूर जड आणि उशिरा निघतो. ‘तू’ म्हणायला लावा, मऊ हवं असेल तर ‘दू’. ‘त’ला जीभ दातांच्या मागे जिथे लागते, तीच जागा हवी. एका शब्दाच्या बदलाने एका संध्याकाळी सगळ्या वर्गाचा आवाज उजळलेला मी ऐकलाय.

तपासा: तानपुऱ्यावर सा रे ग, ग रे सा, प्रत्येक सूर चार मात्रा, न दाबता, गाल न फुगवता. हे एकट्याने जमेपर्यंत गाणं नाही. जमलं की मुलांना तोंडपाठ असलेल्या आरतीतली किंवा भीमगीतातली पाच सुरांत बसणारी एखादी ओळ द्या. ती आधी गाऊन घ्या. जे गाता येत नाही ते फुंकता येत नाही.

## ८. रोजचा तास आणि घरचा सराव

पहिली दहा मिनिटं श्वास आणि माउथपीस, मग लांब सूर, मग बोटं, शेवटी ओळ. साठातली पंचवीस मिनिटं ओठ वाद्यावर असले तरी पुष्कळ.

खाऊ तासानंतर द्या. शाळेतून उपाशी आलेल्या पोराला आधी खायला घालावंच लागतं, तेव्हा चूळ भरल्याशिवाय वाद्य नाही. गूळ-शेंगदाण्याचे कण पिस्टनमध्ये बसले की तो आठवडा गेला.

घरी वाद्य नाही, माउथपीस न्यायचा. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. शेजारच्यांनाही तेवढं झेपतं.

जानेवारीत सकाळी तास घेत असाल तर गार वाद्य पेटीच्या खाली बोलतं. चुलीजवळ धरून गरम करू नका, सूर न काढता नुसती उबदार हवा आत सोडत राहा. एप्रिल-मेमध्ये उलटं, वाद्य चढतं, तेव्हा मुख्य स्लाइड थोडी बाहेर.

महिन्यातून एकदा आंघोळ. पिस्टन आणि त्यांच्या नमद्याच्या चकत्या काढून बाजूला ठेवायच्या, बाकी सगळं कोमट पाण्यात, सौम्य साबण, लवचिक ब्रश. कढत पाण्याने वरचं लॅकर सुटतं. मुलांच्या आया कौतुकाने ट्रम्पेट चिंचेने नाहीतर भांड्यांच्या पावडरने लख्ख घासून देतात. त्यांना आधीच सांगून ठेवा, “मावशी, हा तांब्या नाही.” पावडरचा कण पिस्टनच्या नळीत गेला तर चरे पडतात.

## ९. पहिला कार्यक्रम, आणि सुपारी

चौथ्या महिन्याच्या शेवटी, वस्तीतच, दिवसा, उभ्याने, दहा मिनिटं. चालत मिरवणूक नको. चालताना प्रत्येक पावलाला माउथपीस दातांवर आपटतो. ते कसब वेगळं आहे आणि ते दुसऱ्या वर्षाचं. डीजेची गाडी शेजारी असेल तर वाजवूच नका.

कार्यक्रम झाला की आठवड्याभरात एखादा बँडमालक येतो. “तीन पोरं द्या, लग्नाची सुपारी आहे, जेवण आणि पैसे देतो.” घरच्यांना त्या पैशांची गरज असते आणि तुम्हाला ती माहीत असते, त्यामुळे नकार जड जातो. तरी चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, हे मालकाला तोंडावर सांगा. आणि वाद्य कपाटाबाहेर सुपारीसाठी जाणार नाही, हा नियम संमतीच्या कागदावर पहिल्या दिवसापासून लिहिलेला असू द्या. मोठ्या मुलांचं त्यांच्या घरचे ठरवतील. तुम्ही फक्त वरातीत किती तास सलग वाजवावं लागतं आणि ओठांचं काय होतं ते सांगा.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी तास रद्द करू नका. ओठ दमलेले असतात, म्हणून वाजवायचं नाही, धुवायचं. टब भरा, पिस्टन ओळीने फडक्यावर मांडा, तेल घाला, वाद्यं नंबराप्रमाणे कपाटात. मग माउथपीस मोजा. एक तरी कमी भरतोच, आणि बहुतेक वेळा कोणाच्या तरी धाकट्या बहिणीच्या तोंडात सापडतो. तिला तोंड उघडायला सांगा. वरचे समोरचे दात पूर्ण आले असतील तर पुढच्या यादीत नाव घ्या.